लायब्ररी बदलली, पण ॲपला सांगणार कोण?

हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना मधेच नेटवर्क गेलं असेल किंवा टोकन, पेलोड हे शब्द कानावरून नुसतेच गेले असतील, तर इथे निवांत वाचा. बोलल्यासारखंच लिहिलंय, फक्त थोडं नीट लावून.

मागच्या वेळी आपण एकाच रिपोची पाइपलाइन पाहिली होती. कोड पुश केला की बिल्ड होतो, टेस्ट चालतात, शेवटी हिरवी टिक येते. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "आमच्याकडे पाच-सहा रिपो आहेत. एकात बदल केला की दुसऱ्याची पाइपलाइन आपोआप कशी चालवायची?"

चालवायची कशी, हे सोपं आहे. एक एपीआय कॉल केला की चालते. गाडी अडते ती तीन ठिकाणी. निरोपात नेमकं काय सांगितलं? निकाल कोणाकडे परत आला? आणि किल्ली कोणाच्या हातात दिली? आज या तीन प्रश्नांवरच बोलू.

हिरवी टिक कशाची ग्वाही देते?

बीटेकला असताना आमचा सगळा प्रोजेक्ट एका फोल्डरमध्ये मावायचा. नोकरीत तसं नसतं. समजा, तिकीट बुकिंगचं एक ॲप आहे आणि त्याचे तीन रिपो आहेत. पहिला भाडं मोजणारी लायब्ररी, दुसरा सर्व्हर, तिसरा मोबाइल ॲप. सर्व्हर आणि ॲप दोघंही ती लायब्ररी वापरतात.

लायब्ररी सांभाळणाऱ्या टीमनं ठरवलं, की रक्कम यापुढे रुपयांत न ठेवता पैशांत ठेवायची. निर्णय चांगलाच आहे, कारण दशांशाची कटकट जाते. त्यांनी कोड बदलला, टेस्टही बदलल्या, पाइपलाइन हिरवी झाली. त्यांच्या बाजूनं सगळं चोख.

पण ॲप अजून तो आकडा रुपये समजूनच दाखवतंय. २५० रुपयांचं तिकीट स्क्रीनवर २५,००० रुपयांचं दिसणार. लायब्ररीची हिरवी टिक खोटी नव्हती. ती फक्त लायब्ररीपुरती खरी होती. ॲपबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आता ही गोष्ट उघडकीला कधी येणार? दोन आठवड्यांनी ॲप टीममधला कोणीतरी भलत्याच कामासाठी पुश करेल आणि त्याची पाइपलाइन लाल होईल. तो बिचारा आपल्याच चार ओळींत चूक शोधत बसेल. ज्यांनी बदल केला ते मोकळे आणि रात्र जागतोय भलताच. पाइपलाइन एकमेकींना जोडायच्या त्या यासाठी, की बदल करणाऱ्यालाच बदलाचा परिणाम लगेच दिसावा.

जोडायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा: ॲपनं स्वतःच अधूनमधून डोकावून बघायचं, "लायब्ररीत काही नवीन आलंय का?" म्हणजे ठरावीक वेळेला चालणारी पाइपलाइन. गिटहब ॲक्शन्समध्ये असं वेळापत्रक कमीत कमी ५ मिनिटांच्या अंतरानं लावता येतं आणि गर्दीच्या वेळी ते उशिरानंही सुरू होऊ शकतं. पोस्टमन आला का म्हणून सारखं दार उघडून बघण्यासारखं हे आहे. बहुतेक खेपा फुकट जातात, पण दुसऱ्या कोणाकडून परवानगी घ्यावी लागत नाही. रात्रीतून एकदा सगळं एकत्र तपासायचं असेल तर ही तऱ्हा पुरते.

दुसरी तऱ्हा: लायब्ररीनं बेल वाजवायची. तिची पाइपलाइन पूर्ण झाली की ती ॲपच्या रिपोला निरोप पाठवते. गिटहबवर याला रिपॉझिटरी डिस्पॅच म्हणतात. गिटलॅबमध्ये ट्रिगर जॉब लिहून दुसऱ्या प्रोजेक्टचं नाव देता येतं. जेन्किन्समध्ये एका जॉबमधून दुसरा जॉब चालवायची बिल्ड स्टेप असते.

तिसरी तऱ्हा: लायब्ररीनं नुसती नवी व्हर्जन काढायची. डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेटसारखा बॉट ती बघतो आणि ॲपच्या रिपोत "व्हर्जन वाढवा" अशी पुल रिक्वेस्ट उघडतो. त्या पुल रिक्वेस्टवर ॲपच्या नेहमीच्या टेस्ट चालतात. इथे नवं कधी घ्यायचं हे ॲप टीमच्या हातात राहतं. लायब्ररी दुसऱ्या कंपनीची असेल किंवा बाहेरचे शेकडो लोक ती वापरत असतील, तर हाच मार्ग शहाणपणाचा.

आजचा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेचा होता, म्हणून तीच उलगडू.

इथे एक गल्लत बरेच जण करतात, ती आधी दूर करतो. गिटहबवर दुसऱ्या रिपोतला वर्कफ्लो आपल्या रिपोत बोलावून वापरता येतो, त्याला रीयूजेबल वर्कफ्लो म्हणतात. त्यानं दुसऱ्या रिपोची पाइपलाइन चालत नाही. शेजारणीची पाककृती आणून आपल्याच गॅसवर भाजी करावी, तसं ते आहे. शेजारणीच्या घरात काही शिजत नाही.

निरोपात काय लिहायचं?

रिपॉझिटरी डिस्पॅचमध्ये दोन गोष्टी जातात. एक, घटनेचं नाव, जे आपणच ठरवायचं, उदाहरणार्थ "लायब्ररी बदलली". दुसरी, पेलोड, म्हणजे सोबतची माहिती. तिच्यात वरच्या पातळीवर जास्तीत जास्त १० नोंदी ठेवता येतात.

बहुतेक ठिकाणी हा पेलोड रिकामाच असतो. निरोप एवढाच: "काहीतरी बदललंय, बिल्ड कर." मग ॲपची पाइपलाइन लायब्ररीची "लेटेस्ट" व्हर्जन ओढते. पण मधल्या तीन मिनिटांत आणखी कोणी लायब्ररीत पुश केलं असेल, तर? तपासायला घेतला एकाचा बदल आणि तपासला दुसऱ्याचा. लाल टिक आली तर ती कोणाच्या नावावर लावायची?

म्हणून पेलोडमध्ये निदान तीन गोष्टी पाठवा: कुठल्या रिपोतून निरोप आला, नेमका कुठला कमिट, आणि कुठल्या पाइपलाइनमधून, म्हणजे तिची लिंक. कमिटचा ४० अक्षरी हॅश पूर्ण द्यायचा. ॲपनं मग बरोबर त्याच कमिटची लायब्ररी घेऊन टेस्ट चालवायच्या. एनपीएम आणि पिप दोन्हींना गिटमधल्या ठरावीक कमिटवरून पॅकेज घेता येतं, त्यामुळे त्यासाठी आधी नवी व्हर्जन प्रसिद्ध करावी लागत नाही.

आणखी एक बारकी गोष्ट, जिच्यापायी लोक तासन् तास डोकं खाजवतात. निरोप ऐकणारी वर्कफ्लो फाइल ॲपच्या डीफॉल्ट ब्रँचवर असावी लागते. ती तुमच्या फीचर ब्रँचवर असेल तर एपीआय कॉल यशस्वी होतो, एररही येत नाही आणि पलीकडे काहीच चालत नाही.

निकाल परत कोणाकडे?

रिपॉझिटरी डिस्पॅचचा कॉल यशस्वी झाला की उत्तरात २०४ हा कोड येतो. त्याचा अर्थ "निरोप मिळाला", एवढाच. ॲपची पाइपलाइन पास झाली की नापास, हे त्यात नसतं. लायब्ररीची पाइपलाइन निरोप देऊन हात झटकते आणि हिरवी होते.

गिटलॅबमध्येही मुळात तसंच आहे. पलीकडची पाइपलाइन नुसती तयार झाली की ट्रिगर जॉब यशस्वी धरला जातो. पण तिथे "स्ट्रॅटेजी: डिपेंड" अशी एक ओळ लिहिली की ट्रिगर जॉब थांबून राहतो. पलीकडे लाल झालं तर इकडेही लाल. जेन्किन्सची बिल्ड स्टेप तर काही न सांगता थांबते आणि पलीकडचा निकाल इकडे आणते.

गिटहबवर ही परतीची वाट आपल्याला बांधावी लागते. ॲपच्या पाइपलाइननं सुरुवातीला लायब्ररीच्या त्या कमिटवर "पेंडिंग" असं कमिट स्टेटस लावायचं आणि शेवटी "सक्सेस" किंवा "फेल्युअर". सोबत आपल्या लॉगची लिंक द्यायची. पेलोडमध्ये कमिट पाठवायचा आग्रह मी धरला, तो यासाठीही. कमिटच माहीत नसेल तर निकाल चिकटवणार कशाला?

ही वाट बांधली की लायब्ररीच्या पुल रिक्वेस्टवरच "ॲपच्या टेस्ट: नापास" असं दिसतं. ते स्टेटस बंधनकारक केलं तर मर्जचं बटणही अडतं. रुपये-पैशांचा घोळ दोन आठवड्यांनी सापडण्याऐवजी पंधरा मिनिटांत आणि योग्य माणसाला सापडतो. फक्त निरोप मर्जच्या आधी, पुल रिक्वेस्टवरच पाठवायला हवा. मर्ज झाल्यावर टेस्ट चालवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

"पण बदल दोन्हीकडे एकदमच करायचा असेल तर?" हा पुढचा प्रश्न येतोच. लायब्ररीचा बदल ॲपच्या बदलाशिवाय नापास आणि ॲपचा लायब्ररीशिवाय. ओपनस्टॅक या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये हा पेच रोजचाच, कारण त्यांचे रिपो भरपूर आहेत. त्यांच्यासाठी तयार झालेलं झूल हे साधन यावर छान उपाय काढतं. कमिट मेसेजमध्ये "डिपेंड्स-ऑन" अशी ओळ आणि दुसऱ्या रिपोतल्या बदलाची लिंक लिहायची. झूल दोन्ही बदल एकत्र घेऊन टेस्ट चालवतं आणि ज्यावर अवलंबून आहे तो बदल मर्ज होईपर्यंत दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही.

झूल नसेल तरी एक जुना मार्ग आहेच. लायब्ररीत आधी पैशांचं नवं फील्ड वाढवा, रुपयांचं तसंच राहू द्या. ॲप आणि सर्व्हर नव्यावर आले की मगच जुनं काढा. तीन छोटे बदल होतात, पण प्रत्येक टप्प्यावर सगळं हिरवं राहतं.

किल्ली कोणाच्या हातात?

गिटहब प्रत्येक वर्कफ्लोला आपोआप एक टोकन देतं, पण ते त्याच रिपोपुरतं चालतं. लायब्ररीच्या टोकननं ॲपचं दार उघडत नाही, आणि ते बरंच आहे. पण मग लोक काय करतात? कोणातरी सीनियरचा पर्सनल ॲक्सेस टोकन घेतात, सगळे अधिकार देतात, मुदत ठेवत नाहीत आणि तो सीक्रेट म्हणून सगळीकडे चिकटवून टाकतात. एका दाराची बेल वाजवायला अख्ख्या सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा! शिवाय तो सीनियर नोकरी सोडून गेला की एका सकाळी सगळ्या पाइपलाइन बंद.

हा धोका पुस्तकी नाही. मार्च २०२५ मध्ये "टीजे-ॲक्शन्स" यांची "चेंज्ड-फाइल्स" ही गिटहब ॲक्शन हल्लेखोरांच्या ताब्यात गेली. २३,००० हून जास्त रिपो ती वापरत होते. त्या प्रोजेक्टच्या बॉटचा एक टोकन हल्लेखोरांच्या हाती लागला होता. त्यांनी जुन्या व्हर्जनचे टॅग उचलून आपल्या घातक कमिटवर लावले. मग ज्यांच्या पाइपलाइन तो टॅग वापरत होत्या, त्यांची सीक्रेट बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली. सार्वजनिक रिपोचे लॉग कोणीही वाचू शकतं. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या, तपासलेल्या कमिटचा पूर्ण हॅश लिहिला होता, त्यांच्याकडे तो घातक कोड पोचलाच नाही.

त्यामुळे माझा नेम असा: माणसाच्या नावाचा टोकन टाळून गिटहब ॲप वापरायचं. त्याचा टोकन १ तासात संपतो आणि मोजक्याच रिपोंना देता येतो. पर्सनल टोकन घ्यावाच लागला तर फाइन-ग्रेन्ड प्रकारचा, फक्त त्या एका रिपोपुरता आणि मुदत घालून. एक लक्षात ठेवा, रिपॉझिटरी डिस्पॅचसाठी त्या रिपोतल्या कंटेंट्सवर लिहिण्याची परवानगी लागते. म्हणजे बेल वाजवणारा हा टोकन कोडलाही हात लावू शकतो. म्हणून मुख्य ब्रँचला संरक्षण हवंच.

जाता जाता एक सावधगिरी. लायब्ररीनं ॲपला उठवलं, ॲपनं व्हर्जन वाढवायला लायब्ररीत कमिट केला, त्यानं पुन्हा लायब्ररी जागी झाली... हे चक्र रात्रभर चालू शकतं आणि बिल्डची मिनिटं खात राहतं. निरोप एकाच दिशेनं जाऊ द्या: ज्याच्यावर इतर अवलंबून आहेत त्याच्याकडून अवलंबून असणाऱ्यांकडे. परतीला फक्त निकाल. आणि एकापाठोपाठ पाच पुश झाले तर जुना बिल्ड रद्द होईल अशी कन्करन्सीची सोय लावून ठेवा.

उद्या ऑफिसला गेलात की टीममध्ये एवढंच विचारून बघा: "आपण लायब्ररीत मोडतोड करणारा बदल केला, तर लाल टिक सगळ्यात आधी कोणाला दिसेल?" उत्तर "बदल करणाऱ्याला" असेल तर तुमची जोडणी बरोबर आहे. "ॲपवाल्यांना, कधीतरी" असं असेल, तर कामाला कुठून लागायचं ते कळलं. "युजरला" असं असेल, तर मात्र आजच बसा!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काही अडलं तर प्रश्न पाठवा, आणि ज्या मित्राची रात्र पाइपलाइनपायी जाते त्याला हा भाग नक्की ऐकवा.