वजन ग्रॅममध्ये, बचत टनांत

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानातील वजन १० किलोंनी घटवले, तर त्या एका फेरीत जेमतेम पाऊण लिटर इंधन वाचते. तेवढ्यासाठी विमान कंपन्या खानपानाच्या ट्रॉलीपासून खुर्चीच्या सांगाड्यापर्यंत प्रत्येक वस्तू काट्यावर का चढवतात? याचे उत्तर विमानाच्या दीर्घ आयुष्यात दडले आहे.

समतल उडणाऱ्या विमानाच्या पंखांना त्याच्या वजनाएवढे ऊर्ध्वगामी बल निर्माण करावे लागते. हे बल वाढले की हवेचा रोधही वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी इंजिन अधिक इंधन जाळते. त्या वाढीव इंधनाचे ओझेही पुन्हा विमानालाच वाहावे लागते. अतिरिक्त वजनाच्या साधारण अडीच ते चार टक्के इंधन दर तासाला खर्ची पडते, असा ढोबळ ठोकताळा आहे. तीन टक्के धरले आणि विमान वर्षाला ३,००० तास उडाले, तर १० किलोंपायी वर्षाकाठी ९०० किलो इंधन जळते. २० वर्षांत हा आकडा १८ टनांवर जातो. १०० विमानांच्या ताफ्यासाठी १,८०० टनांवर!

म्हणूनच 'अमेरिकन एअरलाइन्स'ने २०१३ मध्ये वैमानिकांच्या सुमारे १६ किलोंच्या कागदपत्रांच्या बॅगांऐवजी टॅब्लेट आणले. त्यातून वर्षाला सुमारे १५ लाख लिटर इंधन वाचेल, असा कंपनीचा अंदाज होता. 'युनायटेड'ने २०१८ मध्ये आपले मासिक हलक्या कागदावर छापले. प्रत्येक अंक अवघा २८ ग्रॅमनी हलका झाला. 'बोइंग ७८७'च्या रचनेत तर वजनाच्या हिशेबाने सुमारे निम्मा वाटा हलक्या संमिश्र पदार्थांचा आहे.

मात्र, या काटकसरीलाही मर्यादा आहे. विमानातील सर्वांत जड वस्तूंपैकी एक म्हणजे खुद्द इंधन. ते कमी भरले की विमान हलके होते. परंतु गंतव्य स्थानापर्यंतच्या इंधनाखेरीज पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते आणि त्यानंतरही जेट विमानाला ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके इंधन राखीव ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ऐन पावसाळ्यात मुंबईची धावपट्टी दिसेनाशी होते आणि विमाने अहमदाबाद किंवा गोव्याकडे वळवावी लागतात, तेव्हा प्रवाशांचे प्राण याच 'अनावश्यक' वाटणाऱ्या वजनावर तरलेले असतात. कागद, ट्रॉली, खुर्ची यांचे वजन जरूर घटवावे. या राखीव साठ्याला मात्र हिशेबनिसाची कात्री लागता कामा नये.