कसबाचा दाखला

हातच्या कसबाच्या बळावर ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या कारागिराने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, तेथील सरकार कौशल्याधारित व्हिसाचा विचार करताना केवळ आपल्याकडील प्रमाणपत्रावर विसंबून राहत नाही, तर ते कसब तेथील मान्य दर्जास उतरते की नाही, याची स्वतंत्र पारख करवून घेते. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर आदी व्यवसायांपुरते हे कार्य 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया' या सरकारी विभागाच्या देखरेखीखाली चालते.

आरंभी कागदपत्रांची छाननी होते. आयटीआयचे प्रमाणपत्र उपयुक्त खरे. परंतु हुद्दा, नोकरीची मुदत आणि प्रत्यक्ष कामाचे स्वरूप तपशीलवार नमूद करणारा मालकाचा दाखला, आणि त्यास पुष्टी देणारी वेतनपत्रके, बँकेचे उतारे व प्राप्तिकराचे दस्तऐवज, यांवाचून अनुभव सिद्ध होणे कठीण. त्यानंतर व्यवसायानुरूप तांत्रिक मुलाखत अथवा प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाते.

इलेक्ट्रिशियन व प्लंबर यांस एवढ्यानेही स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा मिळत नाही. तेथे पोहोचल्यावर तात्पुरता परवाना काढून, देखरेखीखाली काम करीत स्थानिक नियमांचे शिक्षण पुरे केल्यावरच पूर्ण परवान्याचा अर्ज करता येतो. शिवाय, पारखेत उत्तीर्ण होणे म्हणजे व्हिसा मिळणे नव्हे. त्याचा निर्णय निराळ्या खात्याकडे असतो.

म्हणून, आपल्या लहानमोठ्या कारखान्यांतून राबणाऱ्या प्रत्येक कुशल तरुणाने नोकरी सोडण्यापूर्वीच मालकाकडून सहीशिक्क्याचा दाखला मागून घ्यावा, आणि पगार शक्यतो बँकेमार्फतच स्वीकारावा.