देवनागरी मजकुरातील संकेतनविकृती : निदान आणि दुरुस्ती

डेटाबेसमध्ये साठविलेला मराठी मजकूर वेबपृष्ठावर येताना कधी प्रश्नचिन्हांच्या ओळीत, तर कधी स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांच्या गर्दीत रूपांतरित झालेला आढळतो. पाहणाऱ्यास दोन्ही विकृती सारख्याच निरर्थक वाटतात. वस्तुतः त्यांची कारणे भिन्न आहेत आणि परिणामही भिन्न आहेत. बोलींच्या शब्दसंग्रहासारखी सामग्री, जिचे निवेदक पुन्हा भेटतीलच असे नाही, हाताळताना हा भेद दुरुस्तीपूर्वीच ओळखणे अगत्याचे ठरते.

यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते. उदाहरणार्थ, ‘म’ म्हणजे २२४, १६४ आणि १७४ हे बाइट. हेच बाइट कोणी लॅटिन-१ समजून वाचले, तर एका ‘म’च्या जागी स्वरचिन्हांकित रोमन ‘ए’, एक चलनचिन्ह आणि नोंदणीचे वर्तुळचिन्ह अशी तीन अक्षरे उमटतात. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत. त्याच्या जागी पंधरा विचित्र अक्षरे दिसली, तर बाइट बहुधा शाबूत असून केवळ वाचन चुकले आहे. पाच प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र एखाद्या रूपांतरकाने देवनागरी ओळखली, परंतु ज्या संचात ती न्यावयाची त्यात तिला जागा नसल्याने प्रत्येक चिन्ह टाकून दिले, असे समजावे. हे वाचताना घडले असेल, तर साठवण सुरक्षित असते. लिहिताना घडले असेल, तर मूळ पाठ नष्ट झालेला असतो. पाठचिकित्सक लेखनिकाच्या चुकीवरून मूळ प्रतीची लिपी ताडतो, तसाच हा प्रकार होय. निर्णय पडद्यावरून न करता ‘हेक्स’ या फंक्शनने साठविलेले बाइट पाहून करावा.

सर्वांत फसवी अवस्था म्हणजे पृष्ठ बिनचूक दिसणे. मायएस्क्यूएल या डेटाबेसचे मूळ गृहीत संकेतन २०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ हेच होते. (त्यासोबतची गृहीत वर्णानुक्रमणी स्वीडिश भाषेची, मराठी शब्द वर्षानुवर्षे तिच्या नियमांनी लावले गेले!) अ‍ॅप्लिकेशनने यूटीएफ-८ बाइट पाठवावेत, जोडणीने ते लॅटिन-१ म्हणून स्वीकारावेत आणि परत देताना तसेच द्यावेत, म्हणजे दोन चुका परस्परांना झाकतात. ‘मराठी’ची लांबी विचारली की पाचाऐवजी पंधरा हे उत्तर येते, तेव्हाच बिंग फुटते. अशा वेळी केवळ जोडणीचे संकेतन सुधारले, तर आजवर नीट दिसणारा सारा जुना मजकूर एकाएकी विद्रूप होतो आणि घाबरून सुधारणा मागे घेतली जाते. स्तंभाचे सरळ रूपांतर करणे त्याहून वाईट. त्याने प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर मानला जाऊन ‘म’चे तीन बाइट सहा होतात. स्तंभ प्रथम निव्वळ बाइटांच्या प्रकारात न्यावा, त्यानंतर त्यास यूटीएफ-८ चे नाव द्यावे. यात बाइट बदलत नाहीत, फक्त नाव बदलते. अर्थात, प्रत काढून ठेवल्यावाचून हे करू नये. पुढे अ‍ॅप्लिकेशन, जोडणी आणि पृष्ठाचे शीर्षक या तिन्ही ठिकाणी तेच संकेतन घोषित करावे.

विद्रूप मजकुरावरून मूळ पाठ परत मिळविताना एक विशेष अडचण येते. विंडोज-१२५२ या संचात १२९, १४१, १४३, १४४ व १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. मायएस्क्यूएल त्या जपून ठेवते. अनेक रूपांतरक मात्र गाळतात किंवा तेथे प्रश्नचिन्ह घालतात. देवनागरीच्या दृष्टीने हा योग दुर्दैवी म्हटला पाहिजे, कारण हलन्तचिन्हाचा तिसरा बाइट १४१ आहे. ऱ्हस्व उकार व चंद्रबिंदू यांचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. परिणामी परत मिळालेल्या पाठात जोडाक्षरे तुटलेली आणि ऱ्हस्व उकार गळालेले आढळतात. ‘पाणी’ परत येते, ‘पुस्तक’ येत नाही.

मायएस्क्यूएलमधील ‘यूटीएफ८’ हे नाव प्रत्यक्षात तीन बाइटांपुरतेच मर्यादित होते. देवनागरीस तेवढे पुरते. मोडी लिपीस, जी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झाली, प्रत्येक चिन्हास चार बाइट लागतात. मोडी दप्तरांच्या नोंदी ठेवणाऱ्याने म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ हेच संकेतन निवडावे. अन्यथा डेटाबेस एक तर नोंद नाकारतो किंवा पहिल्या मोडी अक्षरापाशी मजकूर तोडतो.