अतिस्थूलता : ‘कमी खा’ एवढ्यावर का भागत नाही?

मालवणच्या एखाद्या आतल्या वाडीतून दीडशे किलो वजनाच्या रुग्णाला दवाखान्यात न्यायचे, तर पहिली अडचण रस्त्यापर्यंत पोहोचण्याचीच. चिऱ्याच्या पायऱ्या, अरुंद पाणंद आणि उचलायला चार-सहा माणसे. मग दवाखाना पुढे ढकलला जातो आणि दुखणे वाढते.

अतिस्थूलता म्हणजे किती वजन?
किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांमध्ये २५ पासून स्थूलता धरली जाते, तर ४० च्या पुढे ती तीव्र मानतात. १६५ सेंटिमीटर उंचीला हा आकडा सुमारे १०९ किलोला गाठला जातो.

हा इच्छाशक्तीचा दोष आहे का?
नाही. वजन उतरू लागले की शरीराला ती उपासमार वाटते. भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याचा संदेश देणारे लेप्टिन घटते आणि शरीर कमी ऊर्जा खर्च करू लागते. त्यामुळे उतरलेले वजन पुन्हा चढते.

२०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणून सैफी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले. तपासणीत लेप्टिनच्या संदेशाशी संबंधित जनुकात दोष आढळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले. असे जनुकीय दोष दुर्मीळ असतात. पण स्थूलतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

तपासणी अवघड का होते?
बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला, तर रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. चरबीच्या थरामुळे सोनोग्राफीचे चित्र धूसर येते. सीटी स्कॅन, एमआरआयच्या टेबलांना वजनाची मर्यादा असते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, तर भूल देण्यातला धोका वाढतो.

उपचार कोणते?
आहार-व्यायामासोबत सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने आता भारतात मिळतात. ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेत जठर लहान केले जाते. त्यानंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया साधारणपणे बीएमआय ४० असल्यास, किंवा ३५ सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांपैकी एखादा आजार असल्यास बसते. पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी आधी पाहावा.

सिंधुदुर्गातील कुटुंबांनी काय करावे?
सुरुवात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापासून करता येते. पुढच्या उपचारांसाठी इथले अनेक रुग्ण बांबोळीला जातात. मालवणहून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून रुग्णाचे वजन सांगावे आणि तपासणीचे टेबल, खाट, स्ट्रेचर तेवढे वजन पेलेल का, ते विचारावे. १०८ ला फोन करतानाही वजन आणि घरापासून रस्त्याचे अंतर सांगावे.

आडवे झाल्यावर दम लागणे, दिवसा सतत झोप येणे, एका पायाला अचानक सूज, न भरणारी जखम ही लक्षणे दिसली तर थांबू नये. आणि घरात टोमणे नकोत. टोमण्यांनी वजन उतरत नाही. उलट माणूस डॉक्टरकडे जायचे टाळू लागतो.