पतंग कटला तरी दोस्ती टिकते! येवल्याची संक्रांत वेगळी का आहे?

संक्रांतीचे पतंग म्हटलं की अनेकांना गुजरात आठवतो. पण नाशिक जिल्ह्यातलं पैठणीचं येवलाही पतंगांसाठी ओळखलं जातं. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. हलकडी वाजत असते आणि हातात चक्रीऐवजी आसारी असते. पतंग कटला की 'गई बोला रे धिन्ना'चा गलका होतो. ज्याचा कटला, त्याला शेजारची गच्ची मनसोक्त चिडवते. तो पुढच्या पेचात परतफेड करतो.

ही मजा साध्या सुती दोऱ्याची आहे. नायलॉन मांजा सहज तुटत नाही, त्यामुळे पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. त्यामुळे दुकानात सुती दोराच मागा.