रझा, सैयद हैदर
(२२ फेब्रुवारी १९२२–२३ जुलै २०१६). विख्यात भारतीय चित्रकार. जन्म बाबरिया (मध्य प्रदेश) येथे. नागपूर स्कूल ऑफ आर्ट (१९३९–४३) व नंतर मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट येथे शिक्षण. त्यांची प्रवाही जलरंगांतील वास्तवदर्शी निसर्गदृश्ये लवकरच नावाजली गेली. परंतु १९४८ मध्ये काश्मीरात भेटलेले छायाचित्रकार आंरी कार्त्ये-ब्रेसाँ यांनी त्यांत रचनेचा अभाव दाखवून सेझानच्या अभ्यासाचा सल्ला दिला. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. ‘ओ द कान्य’ (१९५१) या चित्रात निर्मनुष्य गावातील घरे सपाट, काटेकोर आकारांत बांधलेली असून वर काळा सूर्य आहे. नागपूर-मुंबईत कमावलेली सफाई त्यांनी येथे जाणीवपूर्वक बाजूस सारली. ‘बिंदू’ चित्रे अधिक गाजली, तरी निर्णायक वळण हेच होय. ‘प्री द ला क्रितीक’ पुरस्कार मिळाला (१९५६), तोवर ते दाट तैलरंगाकडे वळले होते व घरांच्या कडा रंगांत विरू लागल्या होत्या.