इम्युनोथेरपी म्हणजे ‘ताकदीचे इंजेक्शन’ नव्हे

“डॉक्टर, इम्युनोथेरपीने प्रतिकारशक्ती वाढते ना?” मोडनिंबला माझ्याकडे येणारे नातेवाईक नेहमी विचारतात. तसे नाही.

रक्तातील टी-पेशी कर्करोगाच्या पेशी ओळखून मारतात. त्यांनी निरोगी अवयवांवर हल्ला करू नये म्हणून त्यांना ‘पीडी-१’ नावाचा ब्रेक असतो. कर्करोग हाच ब्रेक दाबून ठेवतो. निवोलुमॅबसारखे औषध तो सोडवते.

हे औषध महाग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात गोळ्यांच्या उपचारासोबत ते दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, तर औषधासह ४३.४ टक्के होते. म्हणजे फायदा मोठा, पण सर्वांना नाही. कमी मात्रा आपल्याला चालेल का, हे कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारा.

ब्रेक सुटल्यावर टी-पेशी आतडी, फुफ्फुसे, थायरॉईडवरही हल्ला करू शकतात. वारंवार जुलाब, नवा खोकला, धाप, पुरळ किंवा खूप थकवा आल्यास मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. उपचार संपून काही महिने झाले असले, तरी गावातल्या डॉक्टरांना फाइल दाखवा आणि कर्करोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा.